शाळा कोणाची आणि अक्षर कोणाचें?

चीन देशांतील मिशनच्या शाळांचा विषय निघाला कीं शहाण्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, पाद्री आले म्हणून चिनी माणूस शहाणा झाला. दुसरा म्हणतो, त्या शाळा म्हणजे नुसतें जाळें. मी खेड्यांतला मास्तर. मला वाटतें, दोघांनींही शेतकऱ्याला विचारलेलें नाहीं.

प्रथम पाद्र्याचा हिशेब. तो तिकडे शिरला कशाच्या जोरावर? अफूच्या लढायांच्या. १८४२ च्या तहानें पांच बंदरें उघडलीं. १८५८ व १८६० च्या तहांनीं आंतला मुलूख मोकळा झाला. अफूची आयातही १८५८ सालींच कायदेशीर ठरली. गुट्झलाफ नांवाचा पाद्री तर त्यापूर्वींच अफूच्या गलबतावर दुभाषा होऊन गेला आणि त्याच किनाऱ्यावर धर्माचीं पुस्तकें वाटीत सुटला. ती अफू कुठली? बिहार आणि माळव्याच्या शेतकऱ्यानें पिकविलेली. माळव्याची मुंबईहून जाई, आणि मुंबईचे शेटजी तिच्यावर गबर झाले. मग चिनी रयतेला पाद्र्याच्या पुस्तकामागें तोफ दिसली, यांत तिची चूक काय?

आतां दुसऱ्या तटाचा हिशेब. जाळें जाळें म्हणून ओरडणारे तिकडचे पंडित तोंवर काय करीत होते? सरकारी परीक्षा कायद्यानें शेतकऱ्याच्या मुलासही खुली होती. पण तिच्यासाठीं वर्षानुवर्षें जुने ग्रंथ घोकावे लागत. नांगर सोडून घोकीत कोण बसणार? बाईला तर तें दार बंदच. ही परीक्षा १९०५ सालीं मोडली. पण निंगपो शहरांत मुलींची शाळा १८४४ सालींच निघाली होती, आणि ती काढली मिस ॲल्डर्सी या इंग्रज बाईनें. आपण वाढायचें नाहीं आणि दुसऱ्यानें वाढलें कीं ताट विटाळलें म्हणायचें, हा कुठला न्याय?

क्वेचौ प्रांतांतील शिमेनकान गांव पाहा. तेथील मिआओ लोक नोसू जमीनदारांचीं कुळें. त्यांच्या बोलीला लिपी नव्हती. १९०५ च्या सुमारास पोलार्ड या पाद्र्यानें तेथें चर्च व शाळा उभारली आणि चिनी व मिआओ सोबत्यांच्या मदतीनें त्या बोलीला लिपी बसविली. कुळें त्याच्याकडे जाऊं लागतांच जमीनदारांनीं त्यांचा छळ मांडला. कां? वाचतां येणारें कूळ हिशेब विचारतें म्हणून! १९१५ सालीं आजारी मुलांची शुश्रूषा करतां करतां पोलार्ड विषमज्वरानें वारला. पुढें त्याच डोंगरांतला एक मुलगा डॉक्टर होऊन गांवीं परतला.

मग पाद्र्याचे पाय धरावे काय? मुळींच नाहीं. येन यांग-चू हा मिशनच्या शाळेंत शिकलेला गृहस्थ. १९१८ सालीं फ्रान्सांत चिनी मजुरांचीं पत्रें लिहून देतां देतां त्यानें ठरविलें, यांना स्वतःच लिहावयास शिकवूं. मायदेशीं परतून त्यानें हजार अक्षरांचीं पुस्तकें घेतलीं आणि तिंगशिएन जिल्ह्याच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या शाळा चालविल्या. आपले जोतीराव फुले याच वाटेनें गेले. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, अहमदनगरास मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत स्वतःची शाळा काढली. अक्षर घेतलें, दावें घेतलें नाहीं.

१९५२ पर्यंत चीनच्या सरकारनें मिशनचीं सारीं कॉलेजें ताब्यांत घेतलीं. आज तेथें नोंदलेलीं चर्चें उघडीं आहेत, नानकिंगच्या कारखान्यांत कोट्यवधी बायबलें छापून निघालीं; पण २०१८ पासून हेनानसारख्या प्रांतांत अठरा वर्षांखालील मुलांना चर्चची पायरी चढूं देत नाहींत. म्हणजे धनी बदलला. पण पोरानें कुठें बसावें हें ठरविणारा त्याचा बाप अजूनही नव्हे!

म्हणून बंधूंनो, शाळा काढणारा पाद्री असो, पंडित असो कीं सरकार, त्याचा झगा पाहूं नका. एकच विचारा: तुझ्या शाळेंतून निघालेलें माझें पोर उद्यां तुलाच हिशेब विचारूं शकेल काय? होय म्हणाला तर पोराला धाडा. कचरला तर ओळखा, त्याला विद्यार्थी नको, गडी हवा आहे.