कर्ज नको, वाटेकरी हवा

हळद, गूळ, बेदाणा... गावातला प्रक्रियेचा धंदा वाढू लागला की पैसा लागतोच. बँक सातबारा तारण मागते आणि हंगाम बुडाला तरी हप्ता काही चुकत नाही. साहस भांडवल निधीची रीत निराळी. तो कंपनीचे भाग घेतो. नफ्यात वाटेकरी आणि तोट्यातही. शेजारच्या गुजरातने असा प्रादेशिक निधी १९९० सालीच उभा केला. शेतीउद्योगांसाठी केंद्र सरकार व नाबार्ड यांनी २०२४ मध्ये ७५० कोटींचा 'अॅग्रीशुअर' निधी आणला.

पण मेख इथेच आहे. शेतकरी उत्पादक कंपनीचे भाग कायद्याने उत्पादकांनाच घेता येतात. निधीला तिथे दार बंद. हे कुंपण योग्यच, नाहीतर मालकी गावाबाहेर जायची! मात्र उत्पादक कंपनीने मोठा वाटा स्वतःकडे राखून प्रक्रियेची वेगळी कंपनी काढली, तर वाट निघते. त्यासाठी हिशेब चोख हवेत. निधी पुढे आपले भाग विकून बाहेर पडतो. ते कोण घेणार, हेही करारातच ठरवावे.

हे सारे शेतकऱ्याला सांगणार कोण? जिल्हा उद्योग केंद्राच्या अधिकाऱ्यांनी महिन्यातून एक दिवस तालुक्याला बसावे. दिल्लीचा निधी बांधावर आपोआप येत नसतो.