हाक जिथे पोहोचत नाही

रात्री साडेआठची वेळ. बदलापूर स्थानकाजवळच्या एखाद्या कौटुंबिक उपाहारगृहात सगळी टेबले भरलेली असतात. एक ज्येष्ठ गृहस्थ वाढप्याला बजावून सांगतात, ‘‘चातुर्मास आहे, भाजीत कांदा-लसूण नको.’’ वाढपी मान हलवतो, कॅप्टनला सांगतो, कॅप्टन चिठ्ठी लिहितो, चिठ्ठी भटारखान्यात जाते आणि नेमका तेवढाच शब्द वाटेत गळून पडतो. भाजी समोर येताच गृहस्थ न जेवता उठतात. मालक वाढप्यावर ओरडतो. परत गेलेल्या भाजीची किंमत काही ठिकाणी त्याच्याच पगारातून कापली जाते. दोष त्या मुलाचा नसतो. निरोप नेणाऱ्या व्यवस्थेचा असतो. पण भुर्दंड त्यालाच पडतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी आता भ्रमणध्वनीवरची साधने तयार होत आहेत. कोणता पदार्थ संपला, कोण कोणत्या पाळीला येणार, कोणत्या टेबलाची काय सूचना आहे, हे सारे एका ठिकाणी कळावे, हा त्यांचा हेतू. हेतू उत्तमच आहे. परंतु साधन बनवणाऱ्या तरुणाला ‘हे विकणार कोणाला?’ असे विचारले, तर बहुधा ‘सगळ्या हॉटेलांना’ असे उत्तर मिळते. ‘सगळ्यांना’ हे उत्तर म्हणजे उत्तर नसणेच होय. घरची पुंजी त्यात घालण्यापूर्वी त्याने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकदा पायी फिरावीत. त्याला हवे असलेले उत्तर तिथे मिळेल.

उल्हासनगरापासून आरंभ करावा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. सर्वस्व गमावून आलेल्या या समाजाने व्यापाराच्या बळावर शहर उभे केले. तिथल्या दाल-पकवानाच्या छोट्या दुकानात वडील गल्ल्यावर, मुलगा कढईपाशी आणि दोन नोकर समोर असतात. मालकाची हाक चार पावलांत पोहोचते. तिथे साधन खपणार नाही, कारण तिथे अडचणच नाही. थोडीफार उरली तर व्हॉट्सॲपचा गट फुकट आहे. या धंद्यातला खरा प्रतिस्पर्धी दुसरी कंपनी नसून हे फुकटचे साधन आहे, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या टोकाला मोठ्या साखळी उपाहारगृहांच्या शाखा आहेत. त्यांचे निर्णय दूरच्या मुख्यालयात होतात आणि यंत्रणा आधीच ठरलेल्या असतात. बड्यांच्या मागे धावणे बड्यांनाही नेहमी फळत नाही. फेसबुकच्या कंपनीने २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या संवादासाठी ‘वर्कप्लेस’ आणले. २०२४ मध्ये तेच बंद करण्याची घोषणा तिला करावी लागली.

खरा ग्राहक या दोहोंच्या मधला आहे. जिथे भटारखाना भिंतीआड आहे, वर वातानुकूलित दालन आहे, दाराशी स्विगी-झोमॅटोची मुले पार्सलसाठी ताटकळत आहेत आणि मालकाची हाक वरच्या मजल्यावर पोहोचत नाही, तिथे या साधनाची गरज आहे. कायद्यानेही अशीच एक रेघ ओढलेली आढळते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहा कामगारांची मर्यादा होती. ती वीसवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. साधारण दहा ते चाळीस माणसांची, वाढत्या बदलापुरात ठिकठिकाणी दिसणारी कौटुंबिक उपाहारगृहे हा पहिला गट मानावा.

दुसरा गट अंबरनाथला आहे. आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहती यांनी घडवलेल्या या शहरात कारखान्यांची उपाहारगृहे ठेकेदार चालवतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उपाहारगृहाची सक्ती होती. नव्या श्रमसंहितेत शंभर कामगारांची अट आहे. रात्रपाळीला किती माणसे जेवणार, हा एक आकडा वेळेवर न कळल्यास एक तर अन्न वाया जाते किंवा कामगार उपाशी राहतो. त्या एका आकड्यासाठी ठेकेदार आनंदाने पैसे मोजेल.

मात्र पैसे देणारा मालक असला, तरी साधन वापरणार आहे तो वाढपी, आचारी आणि भांडी घासणाऱ्या मावशी. आचारी नेपाळचा, वाढपी बिहारचा आणि मावशी मुरबाडच्या असतील, तर लांबलचक मजकूर कोण वाचणार? मुंबईच्या डबेवाल्यांनी रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या खुणांवर लाखो डबे बिनचूक पोहोचवले. चित्र, खूण आणि आवाज यांवर चालणारे साधनच इथे टिकेल. सुट्टीच्या दिवशीही मुलाच्या खिशात मालकाचा हुकूम वाजू लागला, तर तो ते पहिल्याच आठवड्यात काढून टाकेल.

किमतीचेही भान हवे. नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांना ५ टक्के जीएसटी आहे. पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही. त्यामुळे हजार रुपयांचे मासिक शुल्क १८ टक्के करासह मालकाला ११८० रुपयांनाच पडते.

कॅनडातील ‘सेव्हनशिफ्ट्स’ हे पाळ्यांचे साधन एका मुलाने वडिलांच्या सँडविचच्या दुकानातली अडचण पाहून बनवले आणि पुढे त्याचा मोठा उद्योग झाला. आपल्या तरुणांनीही कार्यालयात बसून बाजारपेठेचे तक्ते मांडण्यापेक्षा दुपारी साडेतीनला, मालकाला सवड असते तेव्हा, त्याच्यासमोर जाऊन बसावे. आणि रात्री साडेआठला भटारखान्याच्या दाराशी उभे राहून किती ताटे परत आली ते मोजावे. ज्या हॉटेलात तो आकडा मालकाला स्वतःला ठाऊक नसेल, तिथेच पहिला ग्राहक सापडेल.