गावाची गोष्ट कुणाची?

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९९० ते १९९४ या काळात 'इव्हनिंग शेड' ही विनोदी मालिका चालली. आर्कान्सा राज्यातले एक छोटे गाव, तिथली शाळा आणि त्या शाळेचा सतत हरणारा फुटबॉल संघ, असा तिचा विषय. प्रशिक्षक वूड न्यूटनच्या भूमिकेसाठी बर्ट रेनॉल्ड्स यांना १९९१ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. आमचे लक्ष मात्र पाँडर ब्लूकडे जाते. हा कृष्णवर्णीय माणूस खाणावळ चालवतो. गाव त्याच्याकडे जेवते आणि गावाची गोष्टही तोच सांगतो.

ही भूमिका ऑसी डेव्हिस यांनी केली. ते केवळ नट नव्हते. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ते व्यासपीठावर होते. १९६५ मध्ये माल्कम एक्स यांच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचे भाषण त्यांनीच केले. अशा माणसाच्या मुखातून दक्षिणेतल्या गावाची कहाणी घरोघर पोहोचली, ही साधी गोष्ट नव्हे.

कारण आर्कान्साचा इतिहास काय सांगतो? १९५७ मध्ये लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळवून देण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. पुढच्या वर्षी गव्हर्नर फॉबस यांनी शहरातली हायस्कुले बंद ठेवली. वर्ग बंद, पण फुटबॉलचे सामने चालू! गोऱ्या-काळ्या मुलांनी एका बाकावर बसू नये म्हणून शिक्षणाचा बळी दिला, खेळाची हौस मात्र सांभाळली. वर्णवर्चस्वाचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

विनोदी मालिकेने इतिहासाचे पुस्तक व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. हसण्याचा हक्क सर्वांनाच आहे. प्रश्न इतकाच की, निवेदक कृष्णवर्णीय असला तरी गोष्ट प्रामुख्याने गोऱ्या प्रशिक्षकाच्या घराचीच राहिली. पाँडर ब्लू इतरांची सुखदुःखे सांगतो; मालिकेचा केंद्रबिंदू तो नाही.

गाव म्हणजे माया, आपुलकी, साधेपणा, हे चित्र आम्हालाही परिचयाचे आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या याच गौरवावर कठोर प्रहार केला होता. म्हणून पडद्यावर गाव दिसले की आपण दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: गोष्ट कोण सांगतो, आणि ती कुणाची आहे? पहिल्याचे उत्तर बदलायला सुरुवात झाली आहे. दुसऱ्याचे उत्तर आपल्याच लेखकांना आणि कलावंतांना बदलावे लागेल.