रथाचा लगाम

चौलच्या आमच्या घरीं पुतण्या सध्यां विजेवर चालणारी चारचाकी स्वतः जुळवीत आहे. मोटर व बॅटरी त्यानें चोख निवडली. परंतु पुढच्या चाकांसाठीं निरनिराळ्या गाड्यांचे सुटे भाग भंगारांतून आणिले, आणि आंखूड पडणारा स्टिअरिंगचा दांडा वेल्डिंगनें लांबविण्याचा बेत केला. आम्ही हरकत घेतली.

वळतांना आंतलें चाक बाहेरच्याहून अधिक फिरावें लागतें. कारण त्याचें वर्तुळ लहान. ही युक्ति म्यूनिकच्या लँकेनस्पर्गर नामक गाड्या बांधणाराची. इंग्लंडांत तिचें पेटंट १८१८ सालीं आकरमननें घेतलें. हें प्रमाण दोन चाकांतील अंतर व गाडीची लांबी यांवर अवलंबून असतें. म्हणून स्टिअरिंगचा रॅक, जोडदांडे व चाकांचे आधार एकाच गाडीचे घ्यावे, आणि आपलीं मापें तिच्याशीं जुळतीं ठेवावीं. स्प्रिंगा मात्र, बॅटरी बसविल्यावर प्रत्येक चाकावर येणारें वजन तोलून निवडाव्या. आमच्या किनाऱ्याची खारी हवा लोखंड खाते. यास्तव गंजलेला भाग फुकट मिळाला तरी घेऊं नये. वेल्डिंगच्या उष्णतेनें पोलादाचा कस बदलतो, आणि असा सांधा खड्ड्यांत अकस्मात् तुटूं शकतो. शिवाय नोंदणीवाचून अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेतां येत नाहीं.

पुतण्या रुसला, चार दिवसांनीं मात्र अखंड दांडा घेऊन आला. वाचकहो, कठोपनिषदांत शरीराला रथ, बुद्धीला सारथि व मनाला लगाम म्हटलें आहे. ज्या रथांत वहिनींना प्रथम बसवावयाचें, त्याचा लगाम सांधलेला नसावा, एवढेंच आमचें म्हणणें होतें.