वृत्तपत्रकर्त्याचें कर्तव्य

गेल्या वर्षीं आमच्या भित्तिपत्रकांत आम्हीं एक लहानशी बातमी दिली होती. वाचनालयांतील एक नवें पुस्तक नाहींसें झालें असून तें एका विद्यार्थ्यानें दडविल्याचा संशय आहे, एवढाच तिचा मजकूर. नांव आम्हीं लिहिलें नव्हतें. परंतु वर्णन असें होतें कीं, दुपारच्या सुट्टीपर्यंत तें सर्वांस कळून चुकलें. आठ दिवसांनीं तें पुस्तक कपाटामागें पडलेलें सांपडलें. आम्हीं चूक कबूल करणारी सूचना लाविली. पण त्या आठ दिवसांत त्या मुलाशेजारीं कोणी बसलें नव्हतें, त्याची भरपाई आम्हांस करितां आली नाहीं. कोणत्याही कायद्यानें आम्हांस जाब विचारला नाहीं. मग आम्हांस लाज कां वाटली, याचा विचार करितां करितां प्रस्तुत विषय सुचला.

वृत्तपत्रकर्त्याच्या लेखणीस तीन बंधनें असतात. काय केलें असतां शिक्षा होईल, हें कायदा सांगतो. काय करणें चांगलें व काय वाईट, हें नीति सांगते. आणि बातमी पारखून घेणें, ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्याचें म्हणणें ऐकणें, विश्वासानें माहिती देणाऱ्याचें नांव न फोडणें, चूक झाल्यास ती उघड कबूल करणें, हा त्या धंद्याचा वृत्तिधर्म होय. हीं तिन्ही बंधनें नेहमींच एका दिशेस ओढतात असें नाहीं. मुंबईच्या न्यायालयांत चाललेले तीन जुने खटले हें उत्तम प्रकारें दाखवितात.

पहिला खटला १८६२ सालचा. करसनदास मुळजी यांनीं आपल्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रांत १८६० सालीं वैष्णव संप्रदायांतील कित्येक महाराजांच्या अनाचारावर कडक टीका केली. जदुनाथजी महाराजांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद करून ५०,००० रुपयांची मागणी केली. करसनदासांस जातीचा रोष सोसावा लागला. पण त्यांच्या लिहिण्यास पुरावा होता. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या प्रतिष्ठित वैद्यानें साक्ष दिली, आणि निकाल करसनदासांच्या बाजूनें लागला. येथें कायदा, नीति व वृत्तिधर्म हीं तिन्ही एकाच ठिकाणीं उभीं होतीं.

दुसरा खटला १८८२ सालचा. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचे हाल होत आहेत, या बातमीनें महाराष्ट्र हळहळला होता. दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध कांहीं पत्रें हातीं आलीं, व ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनीं त्यांच्या आधारें दिवाणांवर उघड आरोप केले. पुढें तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक व आगरकर यांनीं माफी मागितली. तरी त्यांस चार महिन्यांची साधी कैद झाली व १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. लोकांनीं त्यांचा जयजयकार केला, आणि त्यांच्या हेतूविषयीं आम्हांसही आदरच आहे. छत्रपतींविषयींची काळजीही निराधार नव्हती. डिसेंबर १८८३ मध्यें त्यांचा अहमदनगर येथें दुःखद अंत झाला. परंतु दुःख खरें असलें म्हणून खोटें पत्र खरें ठरत नाहीं. सद्धेतु हा पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं, हाच त्या १०१ दिवसांचा बोध आम्ही मानितों.

तिसरा खटला १९०८ सालचा. त्याच टिळकांस ‘केसरी’तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखालीं सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावें लागलें. या दोन्ही खटल्यांत एकाच पुरुषास एकाच नगरींत शिक्षा झाली. पण पहिली असत्य आरोपाबद्दल, तर दुसरी परक्या सत्तेस न रुचणाऱ्या मताबद्दल. पहिल्या वेळीं माफी मागणें हा त्यांचा धर्म होता. दुसऱ्या वेळीं न मागणें हाच धर्म होता. यावरून कायदा हा वृत्तपत्रकर्त्याचा अखेरचा गुरु नव्हे, हें उघड होतें.

आज देश स्वतंत्र आहे व राज्यघटनेनें मतस्वातंत्र्य दिलें आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतही जुन्या दंडसंहितेप्रमाणेंच, लोकहितार्थ केलेलें सत्य कथन अब्रूनुकसानीच्या गुन्ह्यांतून वगळलें आहे. बलात्कारास बळी पडलेल्या स्त्रीचें नांव प्रसिद्ध करणें गुन्हा आहे. येथें कायद्यानें दयेसच शब्दरूप दिलें. परंतु १९६६ सालीं स्थापन झालेल्या प्रेस कौन्सिलास पत्राची कानउघाडणी करितां येते, दंड करितां येत नाहीं. पुष्कळसा भार शेवटीं लिहिणाराच्या अंतःकरणावरच राहतो.

कोणी म्हणेल, इतकी पारख करीत बसल्यास बातमी शिळी होईल व दुष्ट लोक मोकळे सुटतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. न्यायालयांत करसनदासांच्या धैर्यास पुराव्याचाच आधार मिळाला. घाईनें केलेला खोटा आरोप मात्र दुष्टाच्याच पथ्यावर पडतो. कारण पुढें खऱ्या आरोपावरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

वाचक बंधुभगिनींनो, आज प्रत्येकाच्या खिशांत छापखाना आहे. हातांतील यंत्रावर आलेला मजकूर पुढें धाडणाराही क्षणभर वृत्तपत्रकर्ताच होतो. म्हणून बोट उचलण्यापूर्वीं एवढेंच मनांत आणावें: हें खरें आहे काय, हें सांगण्यानें कोणाचें हित होतें, आणि ज्याच्याविषयीं हें आहे त्याच्यासमोर उभें राहून आपण हेंच बोलूं काय? आम्हीं हा प्रश्न त्या दिवशीं विचारिला असता, तर आमच्या एका सोबत्यास आठ दिवस एकटें बसावें लागलें नसतें.