विश्लेषण : दोनदा उद्ध्वस्त झालेला लायबेरियातील ख्रिस्ती रेडिओ पुन्हा का उभा राहिला? क्षमेचा संदेश न्यायाची जागा घेऊ शकतो का?

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात यादवी संपून दोन दशके उलटली. आता तिथे युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालय स्थापण्याच्या हालचाली सुरू आहेत. मधल्या काळात दुभंगलेला समाज सांधण्याचे काम बऱ्याच अंशी चर्च आणि रेडिओ यांच्यावर पडले. ही दोन्ही कामे एकाच छताखाली करणारे केंद्र म्हणजे ईएलडब्ल्यूए. त्याची ताकद कशात आहे आणि मर्यादा कुठे आहे, याविषयी…

ईएलडब्ल्यूए काय आहे?

राजधानी मन्रोव्हियाला लागून असलेल्या पेन्सव्हिल भागात, समुद्रकिनाऱ्यावर हे केंद्र आहे. सुदान इंटिरियर मिशन या मिशनरी संस्थेच्या पाठबळावर जानेवारी १९५४ मध्ये त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. आफ्रिकेतील सुरुवातीच्या ख्रिस्ती रेडिओ केंद्रांपैकी ते एक. उद्देश उघडपणे धर्मप्रसाराचा होता. मात्र प्रार्थना आणि प्रवचनांबरोबर बातम्या, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रमही होते. लघुलहरींवरून ते शेजारच्या देशांतही ऐकू जात असे. भरभराटीच्या काळात चाळीसहून अधिक भाषांत प्रक्षेपण होत होते. १९६५ मध्ये याच आवारात रुग्णालयही उभे राहिले.

युद्धात काय झाले?

२४ डिसेंबर १९८९ रोजी चार्ल्स टेलरचे बंडखोर निंबा प्रांतात घुसले आणि यादवी पेटली. अध्यक्ष सॅम्युएल डो हे क्राह्न जमातीचे, तर बंडखोरांना बळ होते प्रामुख्याने गिओ आणि मानो जमातींचे. त्यामुळे कोण कुठल्या जमातीचा, यावर जगणे-मरणे ठरू लागले. चर्चही सुरक्षित राहिले नाही. जुलै १९९० मध्ये मन्रोव्हियातील सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या सुमारे ६०० लोकांची सरकारी सैनिकांनी हत्या केली.

त्याच वर्षी लढाई ईएलडब्ल्यूएच्या दारात आली. परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला आणि केंद्र उद्ध्वस्त झाले. छोट्या यंत्रणेवर काम पुन्हा सुरू झाले, तोच एप्रिल १९९६ मध्ये मन्रोव्हियात पुन्हा लढाई भडकली आणि केंद्र दुसऱ्यांदा लुटले गेले. तरीही काही काळाने एफएमवर आणि पुढे लघुलहरींवरही त्याचा आवाज परतला. ऑगस्ट २००३ मध्ये अक्रा येथे शांतता करार झाला, तेव्हा मृतांचा आकडा अडीच लाखांच्या आसपास गेल्याचे मानले जात होते.

रेडिओच का?

लायबेरियात आजही प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना लिहिता-वाचता येत नाही. देशाचा मुख्य आधार असलेला माउंट कॉफी जलविद्युत प्रकल्प १९९० मध्ये बंद पडला, तो थेट २०१६ मध्ये सुरू झाला. अशा देशात सेलवर चालणारा छोटा रेडिओ हेच वर्तमानपत्र आणि हीच शाळा.

सत्ताधाऱ्यांनाही हे ठाऊक होते. टेलर बंडखोर असताना उपग्रह फोनवरून बीबीसीला मुलाखती देत असे. अध्यक्ष झाल्यावर २००० मध्ये त्याच्याच सरकारने स्टार रेडिओ बंद पाडला आणि कॅथलिक चर्चच्या रेडिओ व्हेरिटासवरही कारवाई केली. करारानंतर आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने स्वतःचे रेडिओ केंद्र काढले. भारताच्या सीआरपीएफची महिला तुकडी २००७ पासून तैनात होती, ती याच मोहिमेत.

या गर्दीत ईएलडब्ल्यूएचे भांडवल होते ते भाषेचे आणि ओळखीचे. क्पेले, बासा यांसारख्या भाषांत, आपल्यातलाच माणूस बोलतो आहे ही भावना प्रक्षेपकाबरोबर लुटली जात नाही.

या विश्वासाची परीक्षा कधी झाली?

२०१४ मध्ये, इबोलाच्या साथीत. हा रोग खोटा आहे, सरकारने पैशांसाठी रचलेला बनाव आहे, अशा अफवा पसरल्या होत्या. ऑगस्टमध्ये मन्रोव्हियाच्या वेस्ट पॉइंट वस्तीत जमावाने रुग्णांच्या केंद्रावर हल्ला केला. युद्धाने सरकारवरचा विश्वास इतका पोखरला होता की डॉक्टरांचेही कुणी ऐकेना.

ईएलडब्ल्यूएच्या आवारातील रुग्णालयात इबोला रुग्णांवर उपचार सुरू होते. तिथे काम करणाऱ्या दोन अमेरिकनांनाही लागण झाली. जवळच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने सुमारे २५० खाटांचे केंद्र उभारले. हात धुणे, मृतदेहाला स्पर्श न करणे या सूचना रेडिओवरून दिल्या जात होत्या. साथीने देशात ४,८०० हून अधिक बळी घेतले. मे २०१५ मध्ये लायबेरिया प्रथम इबोलामुक्त जाहीर झाला. ते श्रेय एकट्या रेडिओचे नाही. पण परक्या तज्ज्ञाचा सल्ला ओळखीच्या आवाजात आला, तर तो घरात शिरतो, हे तेव्हा दिसले.

क्षमा पुरेशी आहे का?

खरा पेच इथे आहे. चर्च शिकवते ते पश्चात्ताप आणि क्षमा. मारणारा आणि ज्याचे कुटुंब मारले गेले तो, दोघेही एकाच बाजारात येतात, तिथे या शिकवणीने सूडाला आवर घातला असेल. पण तिचा आडोसाही घेता येतो. अध्यक्ष डो यांना १९९० मध्ये पकडून ठार करणाऱ्या गटाचा म्होरक्या प्रिन्स जॉन्सन पुढे धर्मोपदेशक झाला. २००५ मध्ये तो सिनेटवर निवडून आला आणि २०२४ मध्ये मृत्यू होईपर्यंत सिनेटर राहिला.

सत्य आणि सलोखा आयोगाने २००९ मध्ये विशेष न्यायालयाची शिफारस केली होती. ती वर्षानुवर्षे धूळ खात पडली. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली, पण ती सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. लायबेरियाच्या भूमीवर युद्धगुन्ह्यांसाठी कुणालाही शिक्षा झालेली नाही. मे २०२४ मध्ये अध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी न्यायालयाची पूर्वतयारी करणारे कार्यालय स्थापन करण्याचा आदेश काढला.

पुढे काय?

खटले उभे राहिले तर जुन्या जखमा उघड्या होतील. जमातींमध्ये अफवा फिरतील. कोणावर आरोप आहेत आणि का, हे गावोगावच्या भाषेत शांतपणे सांगणारा आवाज तेव्हा लागेल. ते काम ईएलडब्ल्यूएसारखी केंद्रे करू शकतात. निकाल देणे मात्र त्यांच्या हातात नाही. शेजाऱ्याला माफ करा, असे रेडिओ सांगू शकतो. पण माफ कोणाला आणि कशासाठी करायचे, हे नोंदवून ठेवण्याचे काम न्यायालयाचेच.