सरासरीच्या आड

आमच्या रुग्णालयातील नोंदणीची संगणकप्रणाली संथ असल्याची तक्रार केली, तेव्हा पुरवठादाराने उत्तर दिले, "सरासरी वेळ केवळ 3 सेकंद आहे." आकडा खरा होता, पण तापाने फणफणलेले बाळ कडेवर घेऊन खिडकीपाशी ताटकळणारी माता त्यात कुठेच नव्हती.

100 पैकी 95 नोंदींना 1 सेकंद आणि 5 नोंदींना 41 सेकंद लागले, तरी सरासरी 3 च येते. 99 वा पर्सेंटाइल मात्र 41 सेकंद दाखवितो. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हे नवे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या वाढ-आलेखात आपण 3 ऱ्या पर्सेंटाइलखाली घसरणारे मूल प्रथम शोधतो.

अशी मापने एकत्र करणारी सेवा उभारणे आज दुष्कर नाही. एट्सी कंपनीने 2011 मध्ये जगापुढे मांडलेली स्टॅट्सडी ही मुक्त प्रणाली प्रत्येक कामाला लागलेला वेळ स्वीकारते, साधारणतः दर 10 सेकंदांनी त्याचा गोषवारा काढते आणि आलेखासाठी ग्राफाइटकडे धाडते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. निरनिराळ्या संगणकांच्या पर्सेंटाइलांची सरासरी काढू नये. मूळ मापने एकत्र करूनच पर्सेंटाइल काढावा. आणि त्या मापनांत रुग्णाचे नाव कदापि नसावे.

ही सेवा तंत्रज्ञांनी उभारावी. पण काय मोजायचे, हे ठरविताना डॉक्टरांनी तेथे उपस्थित असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. खिडकीपाशी कोण थांबले आहे, हे आपणच जाणतो.